मिरर केलेल्या डिस्कला ऑप्टेन कॅशे जोडता येईल का? टॉवेल कारखान्याच्या सर्व्हरबद्दल सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे दुसऱ्या कुणी वाचलं तरी संदर्भ लागेल. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत तुमचा टर्किश टॉवेलचा कारखाना आहे. ऑफिसात आठव्या पिढीच्या आय५ प्रोसेसरचा आणि एच३७० बोर्डचा एक कॉम्प्युटर आहे, तोच सर्व्हर म्हणून चालतो. त्यात २ टीबीच्या दोन हार्डडिस्क इंटेलच्या रॅपिड स्टोरेजमधून मिरर, म्हणजे रेड वन (दोन्हींवर एकच डेटा), करून लावल्या आहेत. विंडोज त्यावरच, टॅलीचा डेटा त्यावरच आणि जॅकार्डच्या (नक्षी विणणाऱ्या मागाच्या) डिझाइन फाइलीही त्यावरच. चार मशीनवर एकदम टॅली उघडलं की काम रखडतं, म्हणून तुम्ही ३२ जीबीचं ऑप्टेन मेमरीचं (इंटेलची छोटी, वेगवान मेमरी; हार्डडिस्कपुढे कॅशे म्हणून, म्हणजे नेहमी लागणारा डेटा हाताशी ठेवायला, लावतात) सेकंडहँड कार्ड घेऊन एम.२ स्लॉटमध्ये बसवलं. कार्ड दिसतं, पण कुठल्या ड्राइव्हचा वेग वाढवायचा हे निवडायला गेलं की यादीत मिररचं नावच नाही. आता एक ओळखीचे सांगतायत की मिरर तोडा, एका डिस्कला ऑप्टेन जोडा आणि नंतर विंडोजमधून दुसऱ्या डिस्कशी परत मिरर करून टाका. करावं का, हा तुमचा प्रश्न.

नका करू. कार्ड खराब नाही आणि तुमच्या सेटिंगमध्येही काही राहिलेलं नाही. ऑप्टेन मेमरी रेड व्हॉल्यूमला, म्हणजे अशा एकत्र बांधलेल्या डिस्कच्या संचाला, जोडता येत नाही, ही मर्यादा खुद्द इंटेलचीच आहे. कितीही ड्रायव्हर बदलले तरी ते नाव यादीत येणार नाही.

गोंधळ होतो तो एका वेगळ्याच कारणानं. ऑप्टेन चालू करायचं असेल तर बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) साटा कंट्रोलर, म्हणजे डिस्क सांभाळणारा भाग, रॅपिड स्टोरेजच्या मोडवर ठेवावा लागतो, आणि मिरर करायलाही तोच मोड लागतो. दोन्हींचा ड्रायव्हर एक, दोन्हींची स्क्रीन एक. साहजिकच माणसाला वाटतं की दोन्ही एकमेकांवर चढवता येतील. पण त्या ड्रायव्हरच्या दृष्टीनं ऑप्टेन म्हणजे एक कार्ड आणि एक ड्राइव्ह मिळून केलेली जोडी, आणि मिरर म्हणजे दोन डिस्कची जोडी. जोडीची जोडी त्याला लावता येत नाही.

त्यात भर म्हणजे इंटरनेटवरचे जुने लेख. २०११ मध्ये झेड६८ चिपसेटबरोबर इंटेलनं स्मार्ट रिस्पॉन्स नावाची सोय आणली होती. त्यात साधी साटा एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी वेगवान डिस्क) कॅशे म्हणून लावता यायची, जास्तीत जास्त ६४ जीबी, आणि ती रेड व्हॉल्यूमलासुद्धा जोडता यायची. त्या काळात लिहिलेलं ‘मिररवर कॅशे मस्त चालतो’ हे खोटं नव्हतं. फक्त ते ऑप्टेनबद्दल नव्हतं. ऑप्टेन मेमरी २०१७ मध्ये आली, सातव्या पिढीच्या प्रोसेसरबरोबर, आणि तिचे नियम वेगळे निघाले. पुढे जुलै २०२२ मध्ये इंटेलनं ऑप्टेनचा धंदाच आवरता घेत असल्याचं जाहीर केलं. बाजारात आज ही छोटी कार्डं स्वस्तात मिळतात ती बहुतेक जुन्या मशीनमधून काढलेली. चालू धंद्याचा सर्व्हर अशा वस्तूवर उभा करावा असं मला वाटत नाही.

मग तुम्ही म्हणाल, ऑप्टेन नको तर नको, स्मार्ट रिस्पॉन्सनं तरी करू. तुमच्या बोर्डावर आणि आत्ता घातलेल्या ड्रायव्हरमध्ये ती सोय मिळेल की नाही हे बोर्डाच्या बायोसवर आणि ड्रायव्हरच्या आवृत्तीवर ठरेल. मिळते असं धरून चालू. तरीही मी सांगणार की विचार करा, कारण खरी अडचण यादीत नाव न येण्याची नाहीच. मिरर आणि कॅशे ही मुळात दोन उलट्या वचनांवर उभी असलेली माणसं आहेत, आणि एका घरात नांदवायची तर एकाला तरी आपला हट्ट सोडावा लागतो.

मिररचं वचन असं असतं: दोनपैकी कुठलीही एक डिस्क उचला, तिच्यात सगळं आहे. कॅशेचं, विशेषतः राइट-बॅक कॅशेचं, म्हणणं असं: तुम्ही ‘सेव्ह’ केलं ते मी एसएसडीवर घेतलं, हार्डडिस्कवर सावकाश लिहीन. पेढीवर दोन दिवाणजी शेजारी बसून एकच रोजकीर्द दोन वह्यांत लिहितायत असं समजा. एक वही जळाली तरी दुसरी आहे, मालक निर्धास्त. आता काम पटापट व्हावं म्हणून मध्ये तिसरा माणूस बसवला. तो गिऱ्हाइकाकडून पैसे घेतो, चिठ्ठीवर टिपतो, चिठ्ठी खिशात ठेवतो आणि सवड मिळाली की दोघांना सांगतो. गिऱ्हाईक खूश. पण तो माणूस दुपारी पळाला तर दोन्ही वह्या शाबूत असतील, एकसारख्या असतील आणि दोन्ही सारख्याच अपुऱ्या असतील.

म्हणजे दोन डिस्क लावून तुम्ही जो एकाच वस्तूवरचा भरवसा टाळला होता, तो एका एसएसडीच्या रूपानं परत आणून बसवला. आणि ती एसएसडी सगळ्यात जास्त राबणारी. लिखाण आधी तिच्यावर, नेहमीचं वाचन तिच्यातून. ६४ जीबीच्या तुकड्यावर २ टीबीची वर्दळ. तिघांत आधी ती जाण्याचीच शक्यता जास्त.

दुसरी गोष्ट जास्त त्रासाची आहे. कॅशे मेला की हार्डडिस्कवर काल संध्याकाळचा डेटा सुस्थितीत मिळेल असं लोकांना वाटतं. तसं होत नाही. कॅशे काय आधी उतरवायचं आणि काय नंतर हे आपल्या सोयीनं ठरवतो, फाइलींच्या क्रमानं नाही. त्यामुळे डिस्कवर एका फाइलीचा पहिला भाग आजचा, मधला परवाचा, आणि फाइल सिस्टिमचं कोष्टक त्याहून वेगळ्या वेळचं, अशी खिचडी सापडते. टॅलीसारख्या प्रोग्रॅमला हे अजिबात चालत नाही. त्याची एक फाइल नवी आणि दुसरी जुनी असली की कंपनी, म्हणजे त्यातला हिशेबाचा संच, उघडतच नाही.

हे पुस्तकातलं सांगत नाही. शहरातल्याच एका युनिफॉर्म शिवणाऱ्या युनिटचं मशीन माझ्याकडे आलं होतं. जूनच्या आधीचे दिवस, शाळांच्या ऑर्डरी अंगावर आणि कॉम्प्युटर विंडोजच्या चिन्हापुढे सरकेना. चालू करताना रेडची जी काळी स्क्रीन येते ती उघडून पाहिली. दोन्ही हार्डडिस्क मिररच्या सदस्य म्हणून हजर, दोन्ही धडधाकट. वेगळ्या मशीनला लावून एकेकीची तपासणी केली, एकही खराब सेक्टर नाही. मालकांचं म्हणणं एकच होतं, ‘दोन डिस्क आहेत ना, मग डेटा जातोच कसा?’ तिसऱ्या पोर्टला एक छोटी एसएसडी होती, केसच्या कोपऱ्यात टेपनं चिकटवलेली. ती बायोसला दिसतच नव्हती. स्मार्ट रिस्पॉन्स ‘मॅक्झिमाइज्ड’ मोडवर होता, म्हणजे राइट-बॅक. त्या स्क्रीनवरच्या वेग वाढवण्याच्या पर्यायात जाऊन एसएसडीचा संबंध तोडला तेव्हा मिरर मोकळा झाला, विंडोजनं डिस्क तपासायला घेतली आणि ‘फाउंड’ नावाच्या फोल्डरात तुकड्यांचा ढीग लावला. टॅलीची चालू वर्षाची कंपनी उघडलीच नाही. शेवटी पेन ड्राइव्हवर घेतलेल्या बॅकअपमधून आणि बिलबुकांच्या कार्बन प्रतींवरून नोंदी परत घालाव्या लागल्या. मिररनं त्या दिवशी काहीच वाचवलं नाही, आणि तरी मिररमध्ये काहीच दोष नव्हता.

त्याच सोयीत दुसरा मोड होता, ‘एन्हान्स्ड’. तो राइट-थ्रू. त्यात लिहायचं ते एसएसडीवर आणि हार्डडिस्कवर दोन्हीकडे पोचल्याशिवाय ‘झालं’ म्हणत नाहीत. एसएसडी गेली तर वेग जातो, डेटा जात नाही. मिररबरोबर कॅशे लावायचाच असेल तर हा एवढाच प्रकार मला मान्य आहे. मात्र यात लिहिण्याचा वेग वाढत नाही, फक्त तेच तेच परत वाचण्याचा वाढतो. मग तुमचं काम वाचण्यात अडतंय की लिहिण्यात, हे आधी पाहायला लागतं.

आता तुमच्या ओळखीच्यांनी सुचवलेल्या उपायाकडे येऊ, कारण वरवर पाहता तो हुशारीचा वाटतो. एका डिस्कला ऑप्टेन, मग ती जोडी आणि दुसरी साधी डिस्क यांचा विंडोजमधून मिरर. असा मिरर एका बाजूनं लंगडा असतो. प्रत्येक लिखाण दोन्हीकडे व्हायलाच हवं, म्हणजे मंद डिस्क जेवढा वेळ घेईल तेवढा वेळ लागणारच. लिहिण्यात फायदा शून्य. वाचताना विंडोज कुठल्या बाजूनं वाचेल हे तुमच्या हातात नाही, म्हणजे काही वाचन वेगवान बाजूनं आणि काही साध्या डिस्कवरून. लिनक्समध्ये अशा विषम जोडीसाठी मंद डिस्कवर ‘राइट-मोस्टली’ अशी खूण करता येते, म्हणजे जमेल तोवर तिथून वाचायचं नाही. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधल्या मिररमध्ये तसं सांगायची सोय नाही. शिवाय हा मिरर डायनॅमिक डिस्कवर चालतो, आणि विंडोज ज्यावर आहे तेवढा मिरर सोडला तर मायक्रोसॉफ्टनं तो प्रकार कालबाह्य म्हणून जाहीर केलेला आहे. उद्या बोर्ड गेला तर तुम्हाला आधी ऑप्टेनची जोडी सोडवायची, मग डायनॅमिक डिस्क वाचायची. दोन कुलपं आणि दोन्हींच्या किल्ल्या जुन्या.

आणि एक धोका कुणी सांगत नाही. ऑप्टेन एकदा चालू केलं की ते आधी सॉफ्टवेअरमधून बंद करून, त्यातलं सगळं डिस्कवर उतरू देऊन मगच कार्ड काढायचं असतं. तसं न करता कुणी मशीन साफ करताना कार्ड उपसलं, तर विंडोज उठणार नाही आणि डेटाही बिघडू शकतो. कारखान्यात मशीन उघडून ब्लोअर मारणारा माणूस आणि ते बसवणारा माणूस एकच असेल याची खात्री तुम्ही देऊ शकता का? तुमच्याकडे अजून ते चालू झालेलं नाही, हे बरंच झालं. मशीन पूर्ण बंद करून, वायर काढून कार्ड खुशाल काढा. सेकंडहँड कार्डावर आधीच्या मालकाच्या जोडीची खूणही शिल्लक असू शकते आणि रॅपिड स्टोरेजमध्ये भलताच अर्धवट व्हॉल्यूम दिसू शकतो. तसं काही दिसलं तर ‘दुरुस्त करा’ वगैरे बटणाला हात लावू नका. कार्ड काढलं की ते आपोआप जाईल.

इथवर कॅशेचं झालं. पण तुमची मूळ तक्रार कॅशे नाही म्हणून नव्हतीच, टॅली रखडतं म्हणून होती. आणि इथं मी दुरून ठामपणे काही सांगू शकत नाही, कारण चार-पाच कारणं आहेत आणि बाहेरून सगळ्यांचं रूप एकच.

डिस्कचं गणित आधी सांगतो. ७२०० फेऱ्यांची हार्डडिस्क अर्धी फेरी फिरायला साधारण ४.२ मिलिसेकंद घेते, मुंडी जागेवर जायला आठ-नऊ मिलिसेकंद. म्हणजे इकडेतिकडे विखुरलेली छोटी कामं ती सेकंदाला जेमतेम ऐंशी करते. साधी साटा एसएसडी हजारोंनी करते. चार मशीनवरून टॅली, त्यात मागं अँटिव्हायरस, त्यात विंडोजचं स्वतःचं अपडेट, सगळं एकाच मिररवर. ऐंशीचा कोटा कधीच संपून जातो. तेव्हा डिस्क मंद आहे हा तुमचा संशय बरोबर असण्याची शक्यता दाट आहे.

पण आधी नेटवर्क बघा. आपल्याकडच्या कारखान्यांत मी हे सारखं बघतो: सर्व्हरला गिगाबिट कार्ड, आणि मध्ये कधीकाळी घेतलेला १०० एमबीपीएसचा स्विच. किंवा स्विच चांगला, पण मागांच्या शेडमधून नेलेल्या केबलचा एक जोड सुटलेला, त्यामुळे वेग आपोआप १०० वर उतरलेला. शंभरच्या लाइनवर सेकंदाला अकरा-बारा एमबीच्या वर काही येत नाही. गिगाबिटवर एकशेदहाच्या आसपास येतं. तुमची हार्डडिस्क सलग मोठी फाइल यापेक्षा जास्त वेगानं देऊ शकते. म्हणजे डिझाइनच्या मोठ्या फाइली उघडायला वेळ लागत असेल तर तिथं ऑप्टेन काय आणि एसएसडी काय, काडीचा फरक पडणार नाही. प्रत्येक मशीनवर नेटवर्क अडॅप्टरच्या स्टेटसमध्ये वेग लिहिलेला असतो. तो बघायला पैसे पडत नाहीत.

दुसरी शंका मिररच्या पडताळणीची. लाइट गेली, यूपीएसनं दगा दिला, मशीन धाडकन बंद पडलं, की पुढच्या वेळी मिररला प्रश्न पडतो: दोन्ही डिस्कवर सारखं लिहून झालं होतं का? मग तो दोन्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत ताडून बघतो. २ टीबी डिस्क सेकंदाला १५० एमबीच्या वेगानं नुसती वाचायची म्हटली तरी साडेतीन तासांच्या वर जातात, आणि वर तुमचं काम चालू असेल तर दिवस जातो. उन्हाळ्यात लाइटचा जो खेळ चालतो त्यात ही पडताळणी रोज सकाळी नव्यानं सुरू होत असेल, तर ‘सकाळी फार स्लो, संध्याकाळी बरं’ अशी तक्रार येते. तुमच्याकडे असं होतं का? रॅपिड स्टोरेजच्या स्क्रीनवर व्हॉल्यूमपुढे पडताळणीची टक्केवारी दिसत असेल तर उत्तर मिळालं. त्याला उपाय यूपीएसची बॅटरी बदलणं, कॅशे नव्हे.

तिसरं, डिस्कचा प्रकार. २०२० मध्ये मोठा गाजावाजा झाला होता, नॅससाठी (नेटवर्कवर फाइली ठेवणाऱ्या पेटीसाठी) म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डिस्कमध्ये एसएमआर पद्धत वापरल्याचं कंपन्यांनी उशिरा उघड केलं तेव्हा. या पद्धतीत पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवून लिहितात, त्यामुळे जागा जास्त मिळते, पण मधलं काही बदलायचं तर शेजारचंही परत लिहावं लागतं. २ टीबीच्या डेस्कटॉप डिस्कमध्ये हा प्रकार सर्रास आढळतो. मिररमध्ये एक सीएमआर (पट्टे न चढवता लिहिणारी) आणि एक एसएमआर लागली असेल तर जोडी मंद डिस्कच्या चालीनं चालते. डिस्कवरचा मॉडेल नंबर बघून कंपनीच्या माहितीपत्रकात तपासा.

समजा हे सगळं तपासून झालं आणि दोष डिस्कचाच निघाला. तर तुमच्या जागी मी कॅशेच्या नादी न लागता एसएसडीचाच मिरर करीन. साटाच्या दोन एसएसडी घ्यायच्या, रॅपिड स्टोरेजमधूनच रेड वन करायचा, त्यावर विंडोज, टॅली आणि चालू हंगामाच्या डिझाइन. जुन्या २ टीबीच्या दोन डिस्कचा मिरर तसाच ठेवायचा, त्यावर मागच्या वर्षांचे डेटा, फोटो, स्कॅन केलेली कागदपत्रं. कॅशे जे आपल्या अकलेनं ठरवतो, काय वेगवान जागी ठेवायचं आणि काय नाही, ते तुम्ही एकदाच बसून स्वतः ठरवायचं. तुमच्यासारख्या कारखान्यात रोज हलणारा डेटा किती असतो? टॅलीच्या सगळ्या वर्षांचा मिळून दोन-चार जीबी, चालू डिझाइन धरल्या तरी शंभरच्या आत. एवढ्याला २ टीबीभर कॅशे पसरायची गरजच काय?

एसएसडी घेताना दोन गोष्टी सांभाळा. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच खोक्यातल्या घेऊ नका. मिररमध्ये दोघींवर लिखाण अगदी सारखं पडतं, तेव्हा एकाच बॅचच्या दोघी पाठोपाठ जाण्याचा धोका असतो. एक एका कंपनीची आणि दुसरी दुसरीची घ्या, वेग थोडा मागेपुढे असला तरी चालेल. आणि आकार बघा. एकीवर ४८० लिहिलेलं असतं, दुसरीवर ५०० आणि तिसरीवर ५१२. मिरर लहान आकारावर बेतला जातो. आज दोन ५१२ ची जोडी केली आणि उद्या एक जाऊन बाजारात ५०० चीच मिळाली, तर ती जोडीत बसणार नाही. म्हणून व्हॉल्यूम करतानाच आकार थोडा कमी टाकायचा, वर काही जीबी मोकळे सोडायचे. बोर्डाचं पुस्तकही एकदा चाळा. काही बोर्डांवर एम.२ स्लॉट वापरला की साटाचं एखादं पोर्ट बंद होतं, आणि माणूस तासभर केबल बदलत बसतो.

हे बदल करताना सगळ्यात आधी बाहेरच्या डिस्कवर पूर्ण बॅकअप, आणि तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघायचा. टॅलीची कंपनी खरोखर उघडते का, एखादी डिझाइन फाइल उघडते का, हे डोळ्यांनी पाहायचं. मग दोन्ही हार्डडिस्कचे सीरियल नंबर आणि कुठली कुठल्या पोर्टला हे कागदावर लिहून केसच्या आतल्या बाजूला चिकटवायचं. नवीन मिरर बनवताना रॅपिड स्टोरेज ज्या डिस्क निवडतो त्यांच्यावरचं सगळं पुसतो. चारही डिस्क एकाच यादीत असताना चुकीच्या दोन निवडल्या की संपलं. मी तर नवी जोडी बनवताना जुन्या दोघींच्या केबल काढूनच ठेवतो.

बायोसचा मोड हाही एक खड्डा आहे, आणि तो मिरर वापरणाऱ्या प्रत्येकाला लागू. बोर्डावरचा छोटा गोल सेल संपला की बायोस मूळ सेटिंगवर जातो, आणि ते बऱ्याच बोर्डांवर एएचसीआय, म्हणजे रेडशिवायचा साधा मोड, असतं. मग एक तर निळी स्क्रीन येते, किंवा त्याहून वाईट, मशीन चालू होतं. चालू झालं म्हणजे विंडोजला मिरर न दिसता दोन सुट्या डिस्क दिसतायत. दोघींची सही, म्हणजे डिस्कची ओळखखूण, एकच, म्हणून तो एकीला ऑफलाइन करतो आणि दुसरीवर काम सुरू होतं. दोन दिवस बिलं होतात. मग कुणीतरी मोड परत बदलतो. आता मिररच्या खुणेत लिहिलंय ‘सगळं ठीक’, आणि प्रत्यक्षात दोन्ही डिस्कवर वेगवेगळा मजकूर. कधी इथून वाचतो, कधी तिथून. बिल आत्ता दिसतं, मघाशी नव्हतं, असले भुताटकीचे प्रकार त्यातून होतात. घड्याळाची वेळ मागे पडायला लागली की सेल बदला, आणि बायोसच्या साटा मोडचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

ज्यांच्याकडे विंडोजऐवजी नॅस किंवा लिनक्स आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. सिनॉलॉजीच्या नॅसमध्ये फक्त वाचनाचा कॅशे एका एसएसडीवर करता येतो, वाचन-लेखनाचा करायचा म्हटला की तो किमान दोन एसएसडी मागतो. वर जे सांगितलं तेच कंपनीनं सॉफ्टवेअरात घालून ठेवलंय. झेडएफएस या फाइल सिस्टिममध्ये वाचनाचा कॅशे, एलटूआर्क, गेला तरी पूल, म्हणजे डिस्कचा सगळा साठा, सुखरूप राहतो, म्हणून तिथं एक एसएसडी पुरते. ‘स्पेशल’ डिव्हाइस (फाइलींची नोंदवही ठेवणारं) मात्र कॅशे नाही, ते गेलं की पूल गेला, म्हणून ते मिरर करूनच लावायचं. नावं शेजारी शेजारी असल्यानं लोक इथं फसतात. लिनक्सच्या बीकॅशेमध्ये मूळ सेटिंग राइट-थ्रूच असतं. कुणीतरी वेगाच्या हौसेनं राइट-बॅक करतो आणि मग एकाच एसएसडीवर सगळं लटकतं. करायचंच असेल तर आधी दोन एसएसडींचा मिरर आणि मग तो मिरर कॅशे म्हणून. त्याही वेळी घरगुती एसएसडी आणि सर्व्हरसाठीची एसएसडी यांतला फरक लक्षात ठेवा. दुसऱ्या प्रकारात लाइट गेल्यावर हातातलं लिखाण पूर्ण करण्यापुरते कपॅसिटर बसवलेले असतात, पहिल्या प्रकारात बहुतेक वेळा नसतात.

एसएसडीचा मिरर झाला म्हणून बॅकअप सुटत नाही. चुकून डिलीट झालेली फाइल मिरर दोन्हीकडून तत्परतेनं डिलीट करतो, आणि खंडणी मागणारा व्हायरस आला तर दोन्हीकडे सारखंच कुलूप लावून देतो. दोन बाहेरच्या डिस्क आलटून पालटून, एक नेहमी घरी, कारखान्यात नाही. तुमच्या शेजारी कापसाचा आणि सुताचा साठा आहे, एवढं सांगितलं तरी पुरे.

ऑप्टेनच्या कार्डाचं काय करायचं? विंडोज ११ ला किमान ६४ जीबी जागा लागते, तेव्हा त्यावर विंडोज बसणार नाही. छोटं लिनक्स किंवा राउटरचं सॉफ्टवेअर चालवायला ते उत्तम आहे, भरपूर लिखाण सोसतं. नाहीतर ज्या भावात घेतलं त्या भावात कुणी हौशी घेईल.

आता तुमच्याकडून मला तीन गोष्टी हव्यात, त्यावरच एसएसडी घ्यायची की नाही ते ठरेल. चारही मशीनवर नेटवर्कचा वेग किती दाखवतो. सकाळी कामाच्या गर्दीत सर्व्हरच्या टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा सरासरी प्रतिसाद किती मिलिसेकंद येतो. वीसच्या आत असेल तर डिस्कला दोष देता येणार नाही, शे-दोनशे असेल तर तीच गुन्हेगार. आणि दोन्ही हार्डडिस्कचे मॉडेल नंबर. मशीन उघडाल तेव्हा प्रोसेसरच्या पंख्याखाली कापसाची धूळ किती साचलीय तेही बघा. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीपार जातो, आणि तापलेला प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो. तसं असेल तर यातलं काहीच विकत घ्यावं लागणार नाही.